आजीच्या कपाळावरचा काळा ठिपका

जुन्या कृष्णधवल फोटोंना लाल रंगाचं वावडं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्या काचांवर आणि फिल्मवर फोटो निघत, त्यांतल्या बऱ्याचशांवरच्या रसायनाला तांबडा प्रकाश दिसतच नसे. त्यामुळे ठसठशीत कुंकू काळं उमटायचं, ओठ गडद व्हायचे, सावळा माणूस आणखी सावळा दिसायचा. ज्याला हे माहीत नाही, त्याला आजीच्या कपाळावरचा तो ठिपका बुरशीचा डाग वाटला तर नवल नाही. मोबाइलवरचं अॅपही तो डाग समजून सहज पुसून टाकू शकतं.

हल्ली घरोघरी ट्रंकेतले फोटो बाहेर निघताहेत. एक बटण दाबलं की चिरा बुजतात, चेहरा लख्ख होतो, रंगही भरून मिळतात. घरच्या ग्रुपवर फोटो पडतो आणि सगळे लिहितात, ‘अगदी हुबेहूब!’ असं लिहिणाऱ्यांतल्या बहुतेकांनी आजीला पाहिलेलंही नसतं.

या हौसेमागची माया खरी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात, जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पुराचं पाणी घरात शिरलं, तेव्हा माणसांनी धान्याबरोबर अल्बमही उन्हात मांडले होते. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. भिजला की तो फुगतो, चिकट होतो, जिवाणू तो खाऊ लागतात आणि कडेकडेने चित्र विरघळत जातं. मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर जपानमध्ये स्वयंसेवकांनी चिखलातले फोटो एकेक करून मऊ ब्रशने धुतले. रिको कंपनीच्या उपक्रमात असे सुमारे चार लाख फोटो साफ करून त्यांच्या डिजिटल प्रती काढल्या गेल्या आणि नव्वद हजारांच्या आसपास फोटो ज्यांचे त्यांना परत मिळाले. त्यात गेलेल्या माणसाला सुंदर करायची धडपड नव्हती, उरलं होतं तेवढं वाचवायचं होतं.

आमच्या ओळखीचे एक फोटोवाले अजून हे काम हाताने करतात. फोटो काचेला चिकटलेला असला तर ते तो ओढत नाहीत, काचेसकट स्कॅन करतात. मग पडद्यावर दहापट मोठा करून चीर बुजवायला बसतात. चिरेच्या अलीकडचा कणभर भाग उचलायचा, पलीकडे लावायचा. गालावरून गेलेली चीर अशी भरता येते, कारण दोन्ही बाजूंना गाल शाबूत असतो. डोळाच गेला असेल तर मात्र ते थांबतात आणि विचारतात, ‘यांचा दुसरा एखादा फोटो आहे का घरात? ग्रुप फोटो असला तरी चालेल.’

अॅप हा प्रश्न विचारत नाही. चेहरे दुरुस्त करणारं ‘जीएफपीगॅन’ नावाचं एक गाजलेलं साधन इंटरनेटवरच्या ७० हजार चेहऱ्यांवर शिकलेलं आहे. पुसलेल्या जागी डोळा कसा असावा याचा ते त्या शिदोरीवरून अंदाज बांधतं आणि तो रेखीवपणे काढून देतं. तो डोळा आजीचा नसतो. तिचा एक डोळा किंचित बारीक होता, हे त्या ७० हजार चेहऱ्यांना कुठून कळणार?

गेलेला भाग कसा भरायचा, हा प्रश्न इटलीत युद्धाने उभा केला होता. वितेर्बो गावातल्या एका चर्चमधल्या भित्तिचित्रांचे १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात तुकडे झाले. रोमच्या कलाकृती-दुरुस्ती संस्थेतल्या जाणकारांनी, चेझारे ब्रान्दी यांच्या मार्गदर्शनाखाली, ते तुकडे जुळवले आणि मधल्या रिकाम्या जागा जलरंगातल्या बारीक उभ्या रेघांनी भरल्या. लांबून चित्र सलग दिसतं. जवळ गेलं की मूळ कुठलं आणि भरलेलं कुठलं, ते रेघांवरून कळतं. मला ही रीत फार सभ्य वाटते. पाहणाऱ्याचा आनंदही राखला आणि त्याला फसवलंही नाही.

ही मर्यादा सुटली की काय होतं, ते एप्रिल २०२१ मध्ये दिसलं. कंबोडियातल्या तुओल स्लेंग तुरुंगात ख्मेर रूज राजवटीने हजारो माणसांना डांबून छळलं, त्यांतले जेमतेम काही वाचले. आत आणल्यावर त्यांचे फोटो काढले जात. आयर्लंडमधल्या एका कलाकाराने त्यांतल्या काही फोटोंत रंग भरले, ते ‘व्हाइस’ या संकेतस्थळाने प्रसिद्ध केले आणि लोकांनी मूळ फोटो शेजारी ठेवून पाहिले, तर काहींच्या ओठांवर हसू आणलेलं होतं. कंबोडियाच्या सांस्कृतिक मंत्रालयाने आक्षेप घेतला, लेख मागे घेतला गेला. मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या माणसाची भीती पुसून टाकली होती, आणि नाही म्हणायला तो नव्हता.

आपल्याकडच्या फर्माइशी साध्या असतात. आजोबांना कोट चढवा. आजीचा रंग थोडा उजळा. त्या फोटोवाल्यांकडे एका घरातून आलवणातल्या पणजीचा फोटो आला होता, डोईवरून पदर, कपाळ मोकळं. नातवंडांना तिच्या केसांत वेणी आणि अंगावर हिरवी साडी हवी होती. त्यांचा हेतू वाईट नव्हता, तिला सुखात पाहावं असं त्यांना वाटत होतं. तरीही हे करू नये असं मी म्हणेन. ती ज्या वयात विधवा झाली, तिचे केस ज्या कारणाने गेले, ते तिच्या आयुष्यात घडलं होतं. त्या घरातल्या मुलींना ते ठाऊक असायला हवं, आणि त्याचा पुरावा म्हणून तो एकच कागद उरला आहे. कागदावर पडलेला डाग जरूर काढावा. बाईवर जे गुदरलं, त्याला हात लावायचा हक्क आपल्याला नाही.

रंगच भरायचे असतील तर एखादी आत्या, एखादी मावशी अजून आहे तोवर तिच्याजवळ बसून विचारा: साडी कुठल्या रंगाची होती, डोळे घारे होते का, शेजारी उभा आहे तो कोण. तिला आठवणार नाही तेवढा भाग करडाच राहू द्या. भरलेली प्रत वेगळी ठेवा, तिच्यावर तसं लिहा, आणि मूळ फोटो टाकू नका. त्याच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढे चेहऱ्यावर उमटतो.