शेवटची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण चढलाच, तर शेवटची पायरी कोणती? पलसाण्याचा तंटा तालुक्याहून सुरतेस, तेथून अहमदाबादेस (१९६० पूर्वी मुंबईस) आणि क्वचितच दिल्लीस पोहोचतो. सर्वोच्च न्यायालयाचा शब्द अनुच्छेद १४१ अन्वये साऱ्या न्यायालयांस बांधतो. शेवटचा म्हणून तो अचूकही असतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. फेरविचाराची वाट घटनेनेच ठेवली आहे. मग हरलेल्याने मान का तुकवावी? आपल्या परिचयाचे मुलकीचे वेंकटरमण देवालय घ्या. विश्वस्तांचा दावा खाली फेटाळला गेला, मद्रासेस अंशतः मान्य झाला. १९५७ साली दिल्लीने तेच कायम केले: देवालय गौड सारस्वतांचे खरे, तरी दर्शनास दार सर्व हिंदूंस मोकळे, काही विधी तेवढे ज्ञातीपुरते. मागितलेले सारे कोणासच मिळाले नाही. मात्र तिन्ही पायऱ्यांवर दोन्ही पक्षांचे ऐकून कारणे लिहिली गेली.