नजरगहाण

मालकी ही भानगड नेमकी काय आहे हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्यानं कायद्याची पुस्तकं वाचू नयेत. त्यानं सरळ आमच्या बँकेच्या बोईसर शाखेत यावं आणि काउंटरच्या आतल्या बाजूला एक दिवस बसावं. (चहा मिळेल. तो कपभर असेल याची हमी नाही.) सोनं गहाण ठेवणाऱ्या बाईचं सोनं तिचंच असतं, पण ते असतं आमच्या तिजोरीत. कर्ज काढून घेतलेला टेम्पो मालकाच्या दारात असतो, पण त्याच्या कागदावर नाव आमचंही असतं. या दुसऱ्या प्रकाराला आमच्या धंद्यात एक फार सुरेख शब्द आहे : नजरगहाण. वस्तू तुमच्या ताब्यात. तुम्ही ती वापरा, पुसा, तिला लिंबू-मिरची बांधा. नजर मात्र आमची. शेवटचा हप्ता फिटला की ती नजर उठते, आणि 'ना हरकत' दाखला खिशात घालून गिऱ्हाईक बाहेर पडतं तेव्हा त्याच्या चालीत जो फरक पडतो तो बघण्यासाठी तरी बँकेत नोकरी करावी.

पैसे फिटले की नजर उठते, या एका वाक्यावर आमचा धंदा उभा आहे. मनगटावरच्या घड्याळाचा धंदा मात्र तसा उभा नाही.

लग्नाच्या वाढदिवसाला सौभाग्यवतींनी मला एक स्मार्ट घड्याळ दिलं. रोख पैसे मोजून, हप्त्यानं नव्हे. कंपनीचं नाव सांगत नाही. दिलेल्या दानाचे दात मोजू नयेत, आणि इथं दात देणाऱ्याचे नाहीत, कंपनीचे आहेत. हे घड्याळ माझी पावलं मोजतं, झोप मोजतं, नाडी मोजतं. डहाणू लोकलमध्ये पालघरपासून मी एका पायावर लोंबकळत असतो तेव्हासुद्धा 'बराच वेळ बसलात, आता जरा उभे राहा' असं सुचवतं. एवढी माहिती घरातली माणसंसुद्धा ठेवत नाहीत. तक्रार त्याबद्दल नाहीच.

आमचे अण्णा तारापूरच्या अणुवीज केंद्रात होते. १९६९ साली सुरू झालेलं हे देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. अण्णा तिथे पुढे काही वर्षांनी लागले. पहिल्या बोनसमधून त्यांनी एचएमटीचं 'जनता' घड्याळ घेतलं. रोज चावी द्यायची, पांढरी तबकडी, आणि तिच्यावर देवनागरी आकडे. त्या आकड्यांवर मी घड्याळ वाचायला शिकलो. अण्णांची पाळी बदलली की घरातल्या जेवणाच्या, झोपण्याच्या, रेडिओ लावण्याच्या वेळा बदलायच्या, आणि सगळ्या त्या तबकडीवरून ठरायच्या. अण्णांना जाऊन आता सहा वर्षं झाली. घड्याळ कपाटात सव्वासातवर थांबलेलं आहे.

माझी मुलगी कॉम्प्युटर शिकते. तिनं दोन रविवार खपून त्या तबकडीचं हुबेहूब चित्र तयार केलं. हलणारे काटे, पिवळट पडलेली कड आणि पाचच्या आकड्याजवळचा तो बारीक डागसुद्धा. म्हणाली, "बाबा, आता हे तुमच्या घड्याळावर चढवते." घड्याळ म्हणालं, चालणार नाही. बाहेरची तबकडी आम्ही घेत नाही. आमच्याकडच्या चाळीसपैकी एक निवडा. चाळीसमध्ये नाचणारं अस्वल होतं, फुलपाखरं होती, एकावर तर वेळ शोधायलाच एक घड्याळ लागावं अशी नक्षी होती. अण्णांची तबकडी तेवढी नव्हती. फोटो लावायला परवानगी होती. तो लावला. तेव्हापासून माझ्या मनगटावर दोन वेळा असतात : मागे अण्णांची सव्वासात, आणि तिच्या छाताडावर कंपनीचे जाडजूड आकडे.

आता प्रश्न असा की घड्याळ कुणाचं?

इंग्रज घड्याळाच्या या भागाला चेहरा म्हणतो, आपण तबकडी म्हणतो. माझ्या मते सगळा घोटाळा इथेच आहे. चेहरा म्हटला की तो जन्मदात्यानं दिलेला. जसा आहे तसा वागवायचा. तबकडी म्हटली की तिच्यात काय वाढायचं ते जेवणाऱ्यानं ठरवायचं. ॲपलनं २०१५ साली मनगटी घड्याळ बाजारात आणलं, पण बाहेरच्या कारागिराला त्याच्यासाठी अख्खी तबकडी आजतागायत करू दिलेली नाही. तबकडीवर तारीख, तापमान असल्या बारीकसारीक खिडक्या भरायची तेवढी मुभा आहे. या खिडक्यांना घड्याळजींच्या इंग्रजीत 'कॉम्प्लिकेशन' म्हणतात. म्हणजे गिऱ्हाइकानं गुंतागुंत हवी तेवढी वाढवावी, चेहऱ्याला हात लावू नये. आमच्या सोसायटीचा नियमही हाच आहे : आत भिंती पाडा, पण खिडकीची जाळी बदलू नका, बाहेरून बिल्डिंगची शोभा जाते.

आणि हीच कंपनी २०१२ साली स्वतः दुसऱ्याच्या तबकडीपायी अडचणीत आली होती. स्वित्झर्लंडच्या रेल्वे स्टेशनांवर एक प्रसिद्ध घड्याळ असतं. हान्स हिल्फिकर नावाच्या इंजिनिअरनं ते १९४४ साली आखलं. त्याचा तांबडा सेकंदकाटा बाराजवळ येऊन क्षणभर थांबतो, मग पुढे निघतो. (आमची लोकलही अशी थांबते, पण क्षणभर नव्हे, आणि बाराजवळही नव्हे.) तसलीच तबकडी आयपॅडवर दिसली तेव्हा स्विस रेल्वेनं विचारलं, आम्हाला विचारलं होतंत का? मग रीतसर परवाना घेण्यात आला. तेव्हा चेहऱ्याची किंमत काय असते हे त्या कंपनीला चांगलंच ठाऊक आहे.

सॅमसंगचं दार जरा उघडं होतं. त्यांच्या दुकानात बाहेरच्या लोकांनी केलेल्या तबकड्या मिळायच्या, आणि बाहेरचे लोक म्हटले की ते काय करणार? ओमेगा, लॉन्जिन्स, टिसॉ असल्या नामांकित घड्याळांची तोंडं, नावासकट, उतरवून ठेवली. या नावांची मालकी असलेल्या स्वॉच कंपनीनं खटला भरला. लंडनच्या हायकोर्टात सुमारे तीस तबकड्यांचा हिशेब निघाला. ब्रिटन आणि युरोप मिळून त्या सुमारे १,६०,००० वेळा उतरवल्या गेल्या होत्या. सॅमसंगचं म्हणणं, तबकड्या आम्ही केल्या नाहीत, आम्ही फक्त दुकान चालवतो. २०२२ साली कोर्टानं ते मानलं नाही आणि २०२३ साली अपीलही फेटाळलं गेलं. हा युक्तिवाद वाचून माझी करमणूक झाली, कारण 'मी फक्त सही केली होती' असं म्हणणारे जामीनदार मी महिन्याला दोन बघतो.

पण मग मी जरा गप्पही झालो. कारण मुलीनं काढलेल्या चित्रावर, मधोमध, एचएमटी ही अक्षरं आहेत. घड्याळांचा तो धंदा बंद करायचा निर्णय सरकारनं २०१६ साली घेतला. पण कारखाना मिटला म्हणून नाव बेवारस होत नाही. खातेदार वारला तरी खातं असतंच, हे मी कितीतरी जणांना समजावलेलं आहे. तरीसुद्धा मनाला वाटतं की यात एक फरक आहे. मुंबईत जुनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांनी जुन्या स्विस यंत्रांवर नव्या, भडक रंगाच्या तबकड्या छापून बसवल्या. परदेशातले शौकीन त्यांना नाक मुरडून 'मुंबई स्पेशल' म्हणतात. त्यातलं जे घड्याळ मूळचं म्हणून विकलं गेलं ती लबाडी, यात शंका नाही. पण ज्याची तबकडी गंजली आणि ज्यानं आपलं घड्याळ चालतं राहावं म्हणून हिरवी बसवून घेतली, त्यानं कुणाचं काय नेलं? कंपन्यांच्या कुलपाला हा फरक कळत नाही. चोराला आणि घरमालकाला ते सारखंच बाहेर ठेवतं.

हे सगळं मी एकदा सकाळच्या गाडीत मांडलं. श्रोत्यांत अण्णांच्या बरोबर काम केलेले, आता निवृत्त झालेले एक काका होते. उमरोळी येईपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कंट्रोल रूममध्ये शेकडो डायली होत्या. तुझ्या वडलांनी त्यातल्या एकीवर आपल्या वडलांचा फोटो लावला असता तर चाललं असतं?"

मी म्हटलं, "काका, त्या डायली सगळ्या जिल्ह्याच्या जिवाशी होत्या. ही माझ्या एकट्याच्या मनगटाशी आहे."

"तुझी नाडी मोजतं ना ते? मग जिवाशीच आहे."

यावर डब्यातल्या लोकांनी काकांना टाळ्या दिल्या. काकांचा मुद्दा अगदीच सोडून द्यावा असा नाही. बाहेरून आलेली तबकडी म्हणजे नुसतं चित्र नसतं. तिच्या पोटात आज्ञा असतात, त्या बॅटरी खाऊ शकतात, नको तिथे डोकावू शकतात. म्हणूनच गूगल आणि सॅमसंगनं २०२३ साली तबकडीसाठी एक ठरावीक साचा आणला : काटा कुठे, आकडा कुठे, एवढं वर्णन करून द्यायचं, बाकी घड्याळ बघून घेईल. म्हणजे आमच्यासारखंच. स्वतःच्या भाषेत अर्ज लिहायचा नाही, छापील फॉर्मचे रकाने भरायचे. बँकेतल्या माणसाला फॉर्मविरुद्ध बोलायचा अधिकार नाही. पण फॉर्म दिला, हेही काही कमी नाही. माझ्या घड्याळाच्या कंपनीनं फॉर्मच छापलेला नाही.

आणि दार सताड उघडं ठेवणाऱ्याचं काय झालं म्हणाल, तर २०१२ साली लोकांकडून एक कोटी डॉलरहून अधिक आगाऊ गोळा करून पेबल नावाचं घड्याळ निघालं. त्याच्यासाठी कुणीही तबकडी करावी आणि कुणीही लावावी. २०१६ साली ते दुकान बंद पडलं. गंमत अशी की त्यानंतर त्या घड्याळांची सेवा गिऱ्हाइकांनीच वर्षानुवर्षं चालू ठेवली. बुडालेल्या पेढीचे ठेवीदार स्वखर्चानं काउंटर चालवताहेत, असं दृश्य मी माझ्या नोकरीत पाहिलेलं नाही. ज्यांना चेहरा बदलू दिला होता त्यांनी घड्याळ टाकलं नाही, एवढंच मी काकांना सांगणार होतो, पण बोईसर आलं.

गेल्या आठवड्यात मी अण्णांचं 'जनता' घेऊन स्टेशनजवळच्या घड्याळजीकडे गेलो. हातभर रुंदीचं दुकान, डोळ्यात भिंग. त्यानं मागचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि म्हणाला, तेल सुकलंय, बाकी काही नाही. मग तबकडीकडे बघून त्यानं टेबलाचा खण ओढला. खणात तबकड्याच तबकड्या. निळी, हिरवी, काळी, इंग्रजी आकड्यांची, रोमन आकड्यांची, सोनेरी ठिपक्यांची.

"ही पिवळी पडलीय. दुसरी टाकू? यातली कुठलीही बसेल."

मी म्हटलं, "नको. आहे तीच राहू दे."

"पुसून देऊ? तो डाग जाईल."

"डागही राहू दे."

त्यानं भिंग काढून एकदा माझ्याकडे पाहिलं. "मर्जी तुमची, साहेब. घड्याळ तुमचं," म्हणाला, आणि पावतीवर 'फक्त ऑइलिंग, शनिवार' असं लिहून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.