माजलेलं गवत

लोक बागेत गुलाब लावतात. मी माळावरची कुसळी लावली. मुद्दाम, बी आणून. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, हे आपोआप उगवतं ना? मग लावलंत कशाला?" प्रश्न तात्त्विक होता. पेरलं ते पीक, उगवलं ते तण, हा आपला न्याय. गवताला कोणी विचारलं? ओल लागली की कुसळाचा पीळ उलगडतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि अशा गिरक्या घेत बी स्वतःच जमिनीत शिरतं. माळी नको. (कधी पाहुण्यांच्या पायमोज्यात शिरतं; पण तिथं माती नाही हे त्याला कोण सांगणार?) शेजारचे नाना लॉनला रोज पाणी पाजतात आणि मला म्हणतात, "गवत माजलंय तुमच्याकडे, उपटा!" मागणाऱ्यानं राहावं, न मागणाऱ्यानं जावं? गणपतीत मात्र नाना लॉनमधून उपटून फेकलेल्या हरळीच्या ढिगात २१ दूर्वा शोधत होते.