पुढची कथा कोण सांगणार?

यावलला महर्षी व्यासांचं मंदिर आहे. हडकाई-खडकाईच्या काठच्या या मंदिरात गुरुपौर्णिमेला आसपासच्या गावांतून माणसं येतात आणि केळीच्या बागांतली कामं बाजूला ठेवून रांगेत उभी राहतात. महाभारताचा काही भाग व्यासांनी इथे बसून रचला, अशी गावाची श्रद्धा. तिचा पुरावा मागायला मी जाणार नाही. मला तिथे गेलं की वेगळंच काही सुचतं. ज्या लेखकाच्या नावाने आपण एवढा मोठा ग्रंथ ओळखतो, त्याच्या तोंडून तो आपण ऐकलेलाच नाही.

आपल्याला महाभारत सांगतो तो उग्रश्रवा सौती, नैमिषारण्यात, शौनकाच्या बारा वर्षांच्या सत्रात. सौतीने ते ऐकलं जनमेजयाच्या सर्पसत्रात, वैशंपायनाकडून. गंमत म्हणजे त्या सर्पसत्राला खुद्द व्यास हजर होते. जनमेजय त्यांनाच गळ घालतो की कौरव-पांडव तुम्ही डोळ्यांनी पाहिलेत, तेव्हा तुम्हीच सांगा. व्यास शेजारी बसलेल्या शिष्याकडे वळतात आणि त्याला सांगायला लावतात. मूळ लेखक जिवंत आहे, समोर बसला आहे आणि मालिका दुसऱ्याच्या हाती गेली आहे. जनमेजय अर्जुनाचा पणतू. नायक त्याच्या घरातलाच. वैशंपायनाने तोंड उघडण्यापूर्वीच्या त्या क्षणी त्याला काय वाटलं असेल, हे कॉमिक वाचणाऱ्या कुठल्याही पोराला विचारावं. आपल्या माणसाला हा नवा नीट सांगेल ना?

अमेरिकेत हा प्रश्न गेली कित्येक दशकं दर थोड्या महिन्यांनी विचारला जातो. तिथला सुपरहिरो कंपनीच्या मालकीचा. लेखक येतो, काही वर्षं लिहितो, जातो. नवा लेखक जाहीर होतो तो पहिला अंक निघण्याच्या बऱ्याच आधी, आणि मधल्या काळात वाचक त्याची मागची सगळी पुस्तकं उकरून काढतात. याला विनोद जमतो का? याने आधीच्या मालिकेत कोणाला मारलं होतं? एक ओळही छापून आलेली नसते, तरी बाजू घेणारे आणि शिव्या घालणारे तयार असतात. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटेल. मला मात्र वाचनाची ही सगळ्यात जबाबदार अवस्था वाटते. पुस्तक हातात आल्यावर वाचक पाहुणा असतो. वाट पाहताना तो घरचा कारभारी असतो आणि काय मोडू द्यायचं नाही याची यादी त्याच्या मनात तयार असते.

त्याच्या मागण्या एकमेकींना छेद देतात, हे खरं. मागचं सगळं लक्षात ठेव आणि मागचं पुन्हा सांगू नकोस, असं त्याचं म्हणणं. हे जमतं का? क्वचित जमतं. 'एक्स-मेन' ही 1963ची मालिका इतकी थकली होती की 1970पासून तिच्यात जुन्याच कथा पुन्हा छापत होते. 1975मध्ये तिला नवा संघ मिळाला, मग क्रिस क्लेअरमाँट आला आणि 1991पर्यंत लिहीत राहिला. त्याहून मासलेवाईक उदाहरण अ‍ॅलन मूरचं. 'स्वॅम्प थिंग' ही दलदलीतल्या राक्षसाची बऱ्यापैकी मरगळलेली मालिका 1984मध्ये या इंग्रज लेखकाकडे आली. तोवर वाचकांची समजूत अशी, की हा अपघाताने वनस्पती झालेला एक शास्त्रज्ञ आहे आणि कधीतरी तो पुन्हा माणूस होईल. मूरने आल्या आल्या सांगून टाकलं की तो माणूस केव्हाच मेला. स्वतःला तो माणूस समजणारी ही निव्वळ वनस्पती आहे. आधीच्या अंकांतला एकही प्रसंग त्याने खोटा ठरवला नाही. सगळे प्रसंग जागच्या जागी राहिले आणि त्यांचा अर्थ बदलला.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये युधिष्ठिर हा विदुराचा मुलगा असावा असं सुचवलं, तेव्हा त्यांनी वेगळं काय केलं? प्रसंग व्यासांचेच, शंका इरावतीबाईंची. 'युगान्त' 1967चं. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' त्याच वर्षीची. एकाच वर्षी, एकाच भाषेत कर्णाला दोन नवे लेखक मिळाले आणि त्यांचे कर्ण एकमेकांना ओळखही देणार नाहीत. सावंतांनी कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा सहा जणांना बोलायला लावून त्याला आभाळाएवढा केला. इरावतीबाईंनी त्याच्या चुका शांतपणे मोजल्या. कॉलेजच्या वयात आमच्याकडे यावरून भांडणं होत. 'मृत्युंजय'वाले नेहमी बहुमतात असत आणि 'युगान्त'वाल्यांना सगळ्यांत जड शिवी म्हणजे, 'याच्यात मजा नही भो!' योगायोग असा की अनंत पैंची 'अमर चित्र कथा'ही 1967चीच. पुढे तिने महाभारत 42 भागांत काढलं, त्यातला पहिला भाग 'वेदव्यास' होता. चित्रकार होते दिलीप कदम.

त्याआधीही हेच चाललं होतं. व्यासांचं 'जय' 8,800 श्लोकांचं, वैशंपायनाचं 'भारत' 24,000चं आणि सौतीपर्यंत येता येता लाखाचं, असं परंपरा सांगते. जैमिनी हाही व्यासांचाच शिष्य. त्याच्या नावावरच्या भारतातलं अश्वमेधपर्व तेवढं उरलं आणि श्रीधराने ते मराठीत आणलं. श्रीधराचा 'पांडवप्रताप' ऐकून वाढलेल्या पिढीला संस्कृत मूळ कधी दिसलंही नव्हतं. नायक एक, लेखणी पन्नास, आणि श्रोता प्रत्येक नव्या बुवाला पहिल्या रात्री पारखून घेणार.

मग अस्सल कोणतं? हा चाहत्यांचा लाडका वाद जगात सर्वांत कसून कोणी लढवला असेल तर पुण्याच्या भांडारकर संस्थेने. 1919मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं, विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याला शिस्त घालून दिली आणि बाराशेहून जास्त हस्तलिखितं ताडून 1966मध्ये ते संपलं. त्यात गणपतीने व्यासांचा लेखनिक होणं मूळ संहितेतून बाहेर पडलं. द्रौपदीचा धावा ऐकून कृष्णाने वस्त्रं पुरवणंही बाहेर पडलं; वस्त्रं येत राहतात, पण कृष्ण तिथे नसतो. म्हणजे ज्या दोन गोष्टी आपल्याकडच्या लहान मुलालाही ठाऊक, त्या नंतरच्या लेखकांच्या ठरल्या. संपादकांनी मात्र त्या फेकल्या नाहीत, तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवल्या. मला ही फार मोठी सभ्यता वाटते. मूळ कोणतं ते सांगा, पण लोकांनी जीव लावलेलं फाडू नका.

एवढी परंपरा अंगात मुरलेल्या भाषेत छापील नायकांचं काय झालं, हा माझा खरा प्रश्न आहे.

आमच्या भागात सुपरहिरो आला तो भुसावळमार्गे. जंक्शनच्या फलाटावरच्या बुकस्टॉलवर जे उतरे ते पुढे यावल-फैजपूर-सावद्याच्या पोरांपर्यंत हातोहात पोचे, मराठी असो वा हिंदी. 'इंद्रजाल कॉमिक्स' टाइम्स ऑफ इंडियाने मार्च 1964मध्ये सुरू केलं. त्यातला वेताळ हा ली फॉकचा 'फँटम'. मूळचा त्याचा देश बांगाला, इंद्रजालमध्ये तो डेंकाली झाला. सातपुडा समोर असल्यामुळे आम्हाला डेंकाली लांब वाटत नसे. पालच्या पुढे कुठेतरी कवटीची गुहा असणार, यावर एकमत होतं. जंगलाचा राजा गोरा आणि त्याच्यापुढे वाकणारे सगळे आदिवासी, हे त्या वयात खटकलं नाही. वर्गात तडवी आणि पावरा मुलं शेजारी बसत होती, तरी खटकलं नाही. ते पुढे खुद्द फॉकला खटकलं असावं, कारण नंतरच्या कथांत त्याने लमांडा लुआगा नावाचा कृष्णवर्णीय डॉक्टर आणला आणि लोकांच्या मतांनी त्याला त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष केलं. लेखक फार वर्षं टिकला तर स्वतःच स्वतःचा नवा लेखक होऊ शकतो.

फॉक टिकला 63 वर्षं. 17 फेब्रुवारी 1936ला फँटमची पहिली पट्टी आली, 1999मध्ये फॉक गेला. मग टोनी डीपॉल लिहू लागला. या मालिकेची कल्पनाच मुळी वारसाची आहे. 1536पासून बापामागून मुलगा मुखवटा चढवतो. जगाला वाटतं वेताळ अमर आहे, आणि हा एकविसावा आहे हे गुपित वाचकाला तेवढं ठाऊक असतं. आमच्या मराठी अंकांत गुपित त्याहून एक पायरी खोल होतं. वेताळाला मराठीत बोलायला लावणारा कोण होता? त्याचं नाव छापलेलं मला तरी आठवत नाही. तो बदलला असेल, दोनचारदा बदलला असेल, आणि आम्ही कोणाची वाट पाहिली नाही, कोणावर रागावलो नाही.

'बहादूर'चंही तेच. 1976मध्ये आबिद सुरतींनी हा अस्सल देशी नायक उभा केला. डाकूचा मुलगा, अंगात भगवा कुडता आणि जीन्स, काम डाकूंशी लढण्याचं. चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. पुढे लेखन जगजीत उप्पल यांच्याकडे गेलं. म्हणजे एका भारतीय नायकाला डोळ्यांदेखत नवा लेखक मिळाला, आणि वाचकांत चर्चा शून्य. चित्राची रेघ जरा बदलली तर आम्ही लगेच ओरडलो असतो. लेखक बदलला हे मोठेपणी कळलं. 1990मध्ये इंद्रजालच बंद पडलं आणि बहादूरही त्याच्याबरोबर गेला.

मराठी रहस्यकथेत याच्या बरोबर उलटं होतं. तिथे लेखकच सर्वस्व. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही नावं एका पिढीच्या तोंडी होती. पण वाचनालयाच्या खिडकीशी मागणी होई ती 'नवा अर्नाळकर आला का?' अशी. अमेरिकेतला पोरगा दुकानात 'नवा बॅटमॅन' मागतो, लेखक कोण ते नंतर पाहतो. आपल्याकडे नायक लेखकाच्या पोटात राहिला. 1996मध्ये अर्नाळकर गेले. झुंजारच्या गादीवर कोण बसणार, हा प्रश्न कोणी गंभीरपणे विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

हा काही निव्वळ भाबडेपणा नव्हे, त्यामागे न्यायही आहे. जेरी सिगल आणि जो शूस्टर या दोन पोरांनी 1938मध्ये सुपरमॅनचे हक्क 130 डॉलरला विकले. सुपरमॅनला त्यानंतर असंख्य लेखक मिळाले; या दोघांना वार्षिक निवृत्तिवेतन आणि अंकावर नाव मिळायला 1975 उजाडलं. नायक अमर व्हायचा तर निर्मात्याला असा बळी द्यावा लागणार असेल, तर झुंजार अर्नाळकरांबरोबर गेला ते बरंच झालं म्हणायचं.

पण मधला रस्ता आहे, आणि तो फ्रेंच भाषेतल्या चित्रकथाकारांनी चालून दाखवला. 'टिनटिन'चा एर्जे 1983मध्ये गेला. आपल्यामागे कोणी टिनटिन काढू नये अशी त्याची इच्छा, ती पाळली गेली. 'अ‍ॅस्टेरिक्स'चा लेखक गॉसिनी 1977मध्ये गेला तेव्हा चित्रकार युदेर्झोने एकट्याने गाडा ओढला, आणि 2013मध्ये, स्वतः हयात असताना, तो ज्यां-इव्ह फेरी आणि दिदिए कॉनराड या दोघांच्या स्वाधीन केला. सर्पसत्रातले व्यास ते हेच. एर्जेने ठरवून दार लावलं, युदेर्झोने ठरवून उघडलं. आपण काहीच ठरवत नाही. लेखक जातो, घरचे भांबावतात, प्रकाशक जुन्याच आवृत्त्या काढतो. आपल्या कायद्याने हक्क मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चालतात. म्हणजे अर्नाळकर 2056 संपेपर्यंत कुलपात, 2001मध्ये गेलेले भा. रा. भागवत 2061 संपेपर्यंत. तोवर झुंजार कोणाला आठवणार?

भागवतांच्या फास्टर फेणे या कुमारनायकाला मात्र एकदा नवा लेखक मिळाला, पुस्तकात नाही, पडद्यावर. 2017च्या चित्रपटात फुरसुंगीचा बनेश फेणे मोठा होऊन वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या गैरव्यवहाराशी भिडला. लेखन क्षितिज पटवर्धन यांचं, दिग्दर्शन आदित्य सरपोतदार यांचं. जुने वाचक धास्तावून गेले होते. विद्याभवन शाळेतला तो किडकिडीत पोरगा थेट तरुण, तोही मारामाऱ्या करणारा! मला त्यातली एक चाल पक्की व्यासांच्या घराण्यातली वाटली. दिलीप प्रभावळकरांनी त्यात जी भूमिका केली ती भा. रा. भागवतांची. नव्या लेखकाने जुन्या लेखकाला कथेतच आणून बसवलं, जसे व्यास आपल्याच ग्रंथात धृतराष्ट्र-पांडूचे बाप होऊन वावरतात.

आता हे पुस्तकातही व्हावं. हक्कदारांनी आणि प्रकाशकांनी 2062ची वाट न पाहता, रीतसर परवानगीने, मानधन ठरवून, एखाद्या पंचविशीतल्या लेखकाला फेणे द्यावा आणि ते सहा महिने आधी जाहीर करावं, म्हणजे आम्हाला भांडायला वेळ मिळेल. पोराला पुण्याबाहेर काढायला माझी हरकत नाही. भुसावळला गाडी बदलून तो यावलच्या अभयारण्यात सागवानचोरांमागे लागला तर उत्तमच. हातात मोबाइल द्या, सायकलीला बॅटरी लावा, गरज पडली तर मोडून टाका. त्याच्या जिभेचं ते 'ट्टॉक्' मात्र काढायचं नाही.