पेशीला मिळणारा वेळ

चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातील मोहर्ली हे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या वेशीवरचे गाव बाहेरच्या जगाला वाघामुळे ठाऊक असले, तरी या पट्ट्यात शेती करणाऱ्याच्या खरिपाच्या चिंतेत रानडुकराइतकीच जागा डोळ्यांना न दिसणाऱ्या विषाणूलाही द्यावी लागते. रानडुकरासाठी कुंपण घालता येते आणि मचाण बांधून जागलीही करता येते. विषाणूपासून राखण मात्र झाडाला स्वतःच, तीही पेशीच्या पातळीवर करावी लागते. २०२३च्या खरिपात चंद्रपूरसह विदर्भाच्या अनेक भागांत सोयाबीन पिवळ्या मोझॅकने ग्रासले गेले, शेंगा भरण्याच्या सुमारास शिवारे पिवळी पडली आणि पंचनाम्यांच्या मागण्या सुरू झाल्या. या रोगामागे मुगावरील पिवळ्या मोझॅकच्या गटातले विषाणू असतात. दिल्लीच्या परिसरात मुगावर आढळलेल्या या रोगाचे वर्णन १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. या विषाणूंची जनुकीय सामग्री म्हणजे प्रत्येकी सुमारे २,७०० अक्षरांची, डीएनएची दोन एकेरी वर्तुळे. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर आलेला हा पाहुणा एकराचे पीक बसवतो, आणि तरीही प्रत्येक झाड त्याच्यापुढे असहाय असते असे मात्र नाही.

प्राण्यांच्या शरीरात रोगजंतूंचा माग काढत रक्तातून फिरणाऱ्या खास पेशी असतात. वनस्पतीत तशी फिरती व्यवस्था नाही, कारण तिची प्रत्येक पेशी जाड भिंतीत कायमची बंदिस्त आहे. ही भिंत हाच पहिला बचाव होय, कारण कोणताही विषाणू ती स्वतःच्या बळावर भेदू शकत नाही. सोयाबीनच्या बाबतीत ते काम पांढरी माशी करते. पानाखाली बसून ती आपली सुईसारखी सोंड थेट रसवाहिनीपर्यंत, म्हणजे पानात तयार झालेले अन्न वाहून नेणाऱ्या नलिकेपर्यंत पोहोचवते आणि लाळेबरोबर विषाणू तिथे सोडते. तिथून विषाणूचा डीएनए पेशीच्या केंद्रकात शिरतो, पेशीचीच यंत्रणा वापरून स्वतःच्या प्रती काढतो आणि प्रथिने घडवण्यासाठी लागणारे संदेश आरएनएच्या रूपात लिहवून घेतो.

नेमक्या याच लिखाणात तो पकडला जातो. निरोगी पेशीतले संदेश-आरएनए बहुतांशी एकेरी धाग्याचे असतात, तर विषाणूच्या वाढीत लांबलचक दुहेरी धाग्याचा आरएनए हमखास तयार होतो, आणि पेशी हा दुहेरी धागा परकेपणाची खूण मानते. डायसर या नावाने ओळखली जाणारी प्रथिने त्या धाग्याचे २१, २२ किंवा २४ अक्षरांचे तुकडे करतात. त्यांतला एक धागा आर्गोनॉट नावाचे दुसरे प्रथिन स्वतःजवळ ठेवते आणि त्याच्याशी जुळणारा आरएनए सापडेल तिथे तो कापून टाकते. चोराच्या अंगरख्याची चिंधी हुंगवून श्वानाला त्याच्याच मागावर सोडावे, तसा हा प्रकार. डीएनएच्या विषाणूंविरुद्ध, म्हणजे पिवळ्या मोझॅकविरुद्धही, २४ अक्षरी तुकड्यांचे काम वेगळे आहे: ते केंद्रकातील विषाणूच्या डीएनएवर मिथाइल गटांच्या रासायनिक खुणा लावण्यास मदत करतात आणि तो डीएनए वाचला जाणेच अवघड होते. या व्यवस्थेला आरएनए-शमन म्हणता येईल. तिचे खरे सामर्थ्य असे की, तिला विषाणूची पूर्वओळख लागत नाही. जो येईल त्याच्याच मजकुरातून ती त्याच्याविरुद्धचे साधन घडवते.

हे तुकडे एका पेशीपुरते राहत नाहीत. शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्यांमधून, ज्यांना प्लाझ्मोडेस्माटा म्हणतात, ते पुढे सरकतात, वाटेत काही विशेष प्रथिने त्यांच्या आधारे नवे दुहेरी धागे तयार करून त्यांची संख्या वाढवतात, आणि रसवाहिनीतून हा इशारा कोवळ्या पानांपर्यंत जातो. विषाणूचा रस्ताही तोच. इशारा आधी पोहोचला तर वरची पाने निरोगी राहतात आणि विषाणू आधी पोहोचला तर तीच पाने पिवळी फुटतात. वनस्पतीच्या बचावाचे वर्णन करताना किल्ले आणि सैन्य यांची भाषा सहज तोंडी येते, पण ती दिशाभूल करणारी आहे, कारण इथे बळापेक्षा वेळेचा हिशेब निर्णायक असतो.

अशी सावरलेली पाने अमेरिकेत विंगार्ड या संशोधकांनी फार पूर्वी नोंदवली होती. त्यांनी १९२८ मध्ये तंबाखूवरील वलयी ठिपक्यांच्या रोगात पाहिले की, खालची पाने करपलेली असताना वरची नवी पाने निरोगी येत होती, आणि त्यांवर तोच विषाणू पुन्हा घातला तरी रोग होत नव्हता. त्याचा उलगडा सात दशके झाला नाही. १९९० मध्ये पेटुनियाच्या फुलाचा रंग गडद व्हावा म्हणून रंगाच्या जनुकाची जादा प्रत घातली, तर काही फुले चक्क पांढरी उमलली. पेशीने जादा प्रतीबरोबर स्वतःचे मूळ जनुकही गप्प केले होते. १९९९ मध्ये इंग्लंडमधील नॉरिच येथे हॅमिल्टन आणि बॉलकोम्ब यांनी अशा शमनात लहान आरएनए तुकडे असतात हे दाखवल्यावर या विखुरलेल्या गोष्टी एका सूत्रात आल्या. सोयाबीनच्या दृष्टीने अधिक जवळचा प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला: मदुराई कामराज विद्यापीठातील वेलुतंबी आणि बाझेलमधील होन यांच्या गटांनी पिवळ्या मोझॅकने आजारी उडदाच्या रोपांत त्या विषाणूच्याच एका भागाशी जुळणारा दुहेरी आरएनए तयार होईल अशी रचना सोडली, तेव्हा रोपे सावरली. पेशीकडे साधन होते. तिला हवा होता तो वेळेवर मिळालेला इशारा.

इशारा उशिरा पोहोचण्याला विषाणूही कारणीभूत असतो, कारण या शमनाचा बंदोबस्त करू न शकणारे विषाणू टिकलेच नाहीत. टोमॅटोवरील एका विषाणूचे पी-१९ नावाचे प्रथिन २१ अक्षरी तुकडे नेमक्या लांबीवरून ओळखून त्यांना अडकवून ठेवते. पिवळ्या मोझॅकच्या कुळातील विषाणूंचे एक प्रथिन मिथाइल खुणांसाठी लागणाऱ्या कच्च्या मालाच्या चक्रातच अडथळा आणते. म्हणून शेतात दिसणारा रोग झाडाच्या दुर्बलतेचा पुरावा म्हणून वाचला जाऊ नये. शमन आणि शमनविरोध यांच्यातला त्या त्या पानातला निकाल, एवढाच त्याचा अर्थ आहे.

काही झाडांत याहून कठोर उपाय असतो: विशिष्ट विषाणू ओळखणारे प्रतिकारजनुक जागे होऊन लागण झालेली पेशी आजूबाजूच्या काही पेशींसह स्वतःहून मरते आणि विषाणू त्या मृत ठिपक्यात कोंडला जातो. तंबाखूतील असे एक जनुक १९९४ मध्ये वेगळे करण्यात आले. मात्र अशी ओळख एकेका विषाणूपुरती असते आणि विषाणू थोडा बदलला की हुकते. तुरीच्या वांझ रोगाची कथा या बाबतीत शिकवणारी आहे. झाड हिरवेगार, झुडपासारखे वाढते पण फुलतच नाही, असा हा रोग १९३१ मध्ये बिहारमधील पुसा येथून नोंदला गेला, तर त्यामागचा, अतिसूक्ष्म कोळ्यांमार्फत पसरणारा विषाणू २०००च्या सुमारास ओळखला गेला. त्याआधीच जालना जिल्ह्यातील बदनापूरच्या संशोधन केंद्रात वांझ रोगाला दाद न देणारी झाडे निवडली जात होती, आणि बीएसएमआर-७३६ सारखे वाण त्या परंपरेतले आहेत. निवडणाऱ्यांना विषाणू ठाऊक नव्हता. पेशीचे सामर्थ्य मात्र त्यांच्या नजरेने हेरले.

मोहर्लीच्या एका बाजूला जंगल आणि दुसऱ्या बाजूला शेत असल्यामुळे आणखी एक फरक तिथे विचारात घेण्याजोगा ठरतो. जगभरच्या रानवनस्पतींत विषाणू लक्षणांशिवाय राहत असल्याचे वारंवार आढळले आहे. त्यांचा नायनाट होत नाही, पण त्यांना मर्यादेत ठेवले जाते. जंगलात शेजारची दोन झाडे सहसा एका जातीची, एका वयाची नसतात. शेतात मात्र १९९४ मध्ये आलेल्या आणि पिवळ्या मोझॅकला सहज बळी पडणाऱ्या जेएस-३३५ सारखा एकच वाण मैलोन्‌मैल उभा राहिला की, एका झाडात यशस्वी झालेला विषाणू पुढच्या प्रत्येक झाडात त्याच पेशीला सामोरा जातो, आणि पावसाच्या खंडात वाढलेली पांढरी माशी त्याला कोवळ्या रोपांपर्यंत पुन्हा पुन्हा पोहोचवते. माशीला काही मिनिटांचे रसशोषण पुरते, त्यामुळे फवारणीने ती मरेपर्यंत काम झालेले असते.

पहिली पिवळी रोपे दिसताच उपटून नष्ट करण्याचा कृषी विभागाचा सल्ला या दृष्टीने पेशीच्या आत्मनाशाशी थेट नाते सांगतो: थोडे मारून बाकीच्यांना वेळ मिळवून द्यायचा. पण पेशीचा मृत ठिपका शेजारच्या पेशींच्या सहभागानेच पूर्ण होतो, आणि धुऱ्यापलीकडच्या शेतातली पिवळी झाडे उभीच राहिली तर हा उपाय निम्मा होतो. शिवाय पीक तीन-चार आठवड्यांचे असताना झालेली लागण सर्वांत महाग पडते, तर पंचनामा होतो तो शेंगा भरताना, म्हणजे पानापानांतला निकाल लागून गेल्यावर.