समाजशास्त्राच्या वर्गातला देव

बी.ए.च्या समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात कुटुंब, विवाह, आप्तसंबंध, अर्थव्यवस्था, राज्यसंस्था यांच्या रांगेत धर्मालाही ‘सामाजिक संस्था’ म्हणून बसवलेले असते. या मांडणीत एक तात्त्विक प्रश्न दडलेला आहे आणि पाठ्यपुस्तके तो सहसा उघड विचारत नाहीत. ज्या विद्यार्थ्याच्या घरी रोज देवपूजा, नमाज किंवा बुद्धवंदना होते, त्याला वर्गात सांगितले जाते की धर्म हा माणसांच्या एकत्र राहण्यातून घडलेला व्यवहार आहे. घरचे आणि वर्गातले, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते का? श्रद्धेचे सामाजिक कारण सापडले की श्रद्धा खोटी ठरते का?

हिंगोली जिल्ह्यात या प्रश्नाला उदाहरणे शोधत दूर जावे लागत नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या पाच तालुक्यांच्या जिल्ह्यात औंढा नागनाथचे ज्योतिर्लिंग आहे, संत नामदेवांचे परंपरेने मानलेले जन्मगाव नर्सी आहे, बंजारा तांडे आहेत, आंध आदिवासींच्या वस्त्या आहेत. बौद्ध लोकसंख्येचे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त आहे आणि मुस्लिम समाजही लक्षणीय आहे. उच्च शिक्षण मात्र या भागात उशिरा आले. निजामाच्या राज्यात १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ मध्ये औरंगाबादेत. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले आणि हिंगोलीचे आदर्श महाविद्यालय, वसमतचे बहिर्जी स्मारक, औंढ्याचे नागनाथ, सेनगावचे तोष्णीवाल ही महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. अशा महाविद्यालयांत समाजशास्त्र घेणाऱ्यांपैकी अनेकांची नजर स्पर्धा परीक्षेवर असते, कारण केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तो एक वैकल्पिक विषय आहे. परीक्षेपुरते वाचणाऱ्याला वरचा प्रश्न अडत नाही. मन लावून वाचणाऱ्याला तो पहिल्याच वर्षी अडतो.

अडतो तो समाजशास्त्रज्ञ एमिल डरखाईमपाशी. डरखाईम रब्बींच्या घराण्यात जन्मलेले. स्वतः मात्र धर्मश्रद्धेपासून दूर गेलेले. १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या धर्मजीवनाच्या मूलभूत रूपांवरील ग्रंथात त्यांनी ऑस्ट्रेलियातील आदिम जमातींच्या कुलचिन्हपूजेवरून सिद्धान्त मांडला. (ऑस्ट्रेलियात ते स्वतः कधीच गेले नव्हते, हे विद्यार्थ्याला सांगितलेले बरे.) सिद्धान्त असा: प्रत्येक धर्म जगाची विभागणी ‘पवित्र’ आणि ‘लौकिक’ अशी करतो, आणि पवित्राभोवती जमलेली माणसे एक नैतिक समुदाय बनतात. एकत्र जमल्यावर माणसाला स्वतःहून मोठ्या शक्तीचा अनुभव येतो. ती शक्ती खरी असते. फक्त माणूस तिला देवाचे नाव देतो आणि वस्तुतः ती समाजाची असते. नर्सीच्या यात्रेत टाळ-मृदंगाच्या गजरात देहभान हरपलेला वारकरी भ्रमात आहे, असे डरखाईम म्हणणार नाहीत. त्याला जे जाणवते ते खरेच आहे, पण त्याचा पत्ता त्याला वाटतो तो नाही, असे ते म्हणतील. श्रद्धावंताला यात समाधान वाटावे की अपमान, हे ठरवणे कठीण आहे.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एखादी समजूत कशी उपजली हा एक प्रश्न, आणि ती खरी आहे का हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचा निकाल लावणे हा तर्कदोष आहे. पाढे छडीच्या धाकाने पाठ झाले म्हणून बे दुणे चार चुकीचे ठरत नाही. देवावरची श्रद्धा आईवडिलांकडून, गावाकडून, जातीकडून आली हे शंभर टक्के सिद्ध झाले तरी देव आहे की नाही हे त्यातून निघत नाही. डरखाईम या मर्यादेत राहिले नाहीत. धर्माचा विषय समाजच आहे, असे म्हणताना त्यांनी समाजशास्त्राच्या हाती नसलेला एक तत्त्वज्ञानात्मक निर्णय देऊन टाकला. पदवीच्या पातळीवर हा भेद शिकवला गेला नाही तर विद्यार्थी दोन्हींपैकी एका टोकाला जातो: एक तर सगळा धर्म थोतांड समजतो, नाही तर सगळे समाजशास्त्र परीक्षेपुरते पाठ करून विसरतो. दुसरा प्रकार अधिक आढळतो असे मानायला जागा आहे.

पुढच्या अभ्यासकांनी ही मर्यादा जाणीवपूर्वक आखली. पीटर बर्गर यांनी १९६७ मध्ये धर्माच्या समाजशास्त्रासाठी ‘पद्धतीपुरती नास्तिकता’ सुचवली: अभ्यास चालू असेपर्यंत देवाला कारण म्हणून पुढे आणायचे नाही, पण त्यावरून देव नाही असाही निष्कर्ष काढायचा नाही. बर्गर स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होते. निनियन स्मार्ट यांना ‘नास्तिकता’ हा शब्दही जास्त वाटला. त्यांनी ‘पद्धतीपुरता अज्ञेयवाद’ म्हटले. त्याआधीच, १९२८ मध्ये, विल्यम आणि डोरोथी थॉमस यांनी एक सूत्र दिले होते: माणसे एखादी परिस्थिती खरी मानतात तेव्हा तिचे परिणाम खरे होतात. देव खरा आहे का, हे बाजूला ठेवूनही देव मानल्याने काय घडते याचा काटेकोर अभ्यास होऊ शकतो, तो या सूत्राच्या बळावर.

औंढ्याची कथा घेतली तर ही पद्धत काय करते आणि काय करत नाही ते दिसते. नामदेव देवळापुढे कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी त्यांना तिथून हाकलले, ते देवळामागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी ही आख्यायिका. नंदी देवळाच्या मागे आहे, तो याचा पुरावा म्हणून आजही दाखवला जातो. देऊळ फिरले का, हा प्रश्न समाजशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत येत नाही. येतो तो असा: ही कथा कोण सांगते, कोणाला सांगते, आणि तिच्यात कोणाची बाजू देव घेतो? नामदेव शिंपी. हाकलणारे पुजारी. गाभाऱ्याचा अधिकार आणि भक्तीचा अधिकार यांतल्या झगड्यात खुद्द दगडी वास्तूने कौल दिला, असे कथा सांगते. शुचितेच्या उतरंडीविरुद्ध इतका मोठा दाखला सर्वसामान्यांच्या स्मृतीत जपला गेला, ही सामाजिक वस्तुस्थिती आहे. चमत्काराच्या खरेखोटेपणाने तिला बाधा येत नाही.

शिवाय ही कथा एका ठिकाणी थांबलेली नाही. महिपतींच्या १७६२ च्या ‘भक्तविजया’त ती आहे. शीख परंपरेच्या गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत आणि त्यांतल्या एका पदात देवळातून उठवले जाणे आणि देऊळ फिरणे हाच प्रसंग येतो. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर शिवपिंडीवर पाय ठेवून पडले होते, पाय जिकडे हलवावे तिकडे पिंडी उगवू लागली, ही कथाही अनेक जण औंढ्यातलीच सांगतात. गुरू नानकांविषयी मक्केतली अशीच कथा प्रसिद्ध आहे. एकच कथाबीज दोन धर्मपरंपरांत का रुजले, हा अभ्यासाचा खरा खुराक आहे. ख्रिश्चन नोवेट्झके यांनी २००८ च्या ग्रंथात नामदेवांकडे सार्वजनिक स्मृती म्हणून पाहिले, ते याच वाटेने. ज्योतिर्लिंगाच्या मानाचेही तसेच. ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रातले ‘दारुकावन’ म्हणजे औंढा, असे मराठवाडा मानतो. गुजरातेत द्वारकेजवळ आणि उत्तराखंडात जागेश्वरलाही तसेच मानले जाते. खरे कोणते, हे ठरवण्यापेक्षा अशा दाव्यांवर तीर्थाची अर्थव्यवस्था, पुजाऱ्यांचे हक्क आणि प्रदेशाचा अभिमान कसा उभा राहतो, हे पाहणे समाजशास्त्राला जमते.

इथवर श्रद्धा आणि शास्त्र शेजारी नांदू शकतात असे वाटते. पण हा शेजार सगळीकडे टिकत नाही, आणि तो टिकतो असे सांगणे म्हणजे विद्यार्थ्याची फसवणूक आहे. धर्म फक्त देवाविषयी बोलत नाही. तो समाजाविषयीही विधाने करतो: अमुक जात अमुक कारणाने उपजली, अमुकाने विहिरीला शिवू नये, अमुकाने देवळाची पायरी चढू नये. ही विधाने समाजशास्त्राच्या हद्दीत येतात आणि तिथे ती तपासली जातात. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके हेच केले. जातिव्यवस्था मनूने किंवा कुठल्या स्मृतिकाराने लादली, ही समजूत त्यांनी नाकारली आणि जातीबाहेर लग्न न करण्याच्या नियमातून व वरिष्ठांच्या अनुकरणातून जाती कशा बंदिस्त होत गेल्या, याचे स्पष्टीकरण दिले. जात ईश्वरनिर्मित आहे, ही श्रद्धा या निबंधापुढे टिकत नाही. इथे ‘पद्धतीपुरता अज्ञेयवाद’ म्हणून अंग काढून घेता येत नाही. एक बाजू चुकलेली असते.

वारकरी परंपरेकडे पाहतानाही ही धार बोथट करता कामा नये. भक्तीत सगळे समान, हे पंढरीच्या वाटेवरचे बोल. पण पंढरपूरचे देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. इरावती कर्वे स्वतः वारीत चालल्या आणि त्यावरच्या लेखात त्यांनी नोंदवले की एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगळे बसत. कर्वे त्या वारीवर मनापासून लुब्ध होत्या, आणि तरीही ती पंगत त्यांच्या नजरेतून सुटली नाही. धर्माचा समाजशास्त्रीय अभ्यास कसा असावा याचे मराठीतले सर्वांत उपयुक्त उदाहरण हेच आहे.

धर्माचा अभ्यास आतल्या माणसाने करावा की बाहेरच्याने, हा वादही त्यामुळे तितका सरळ राहत नाही. तत्कालीन सुदानमधील नुएर लोकांच्या धर्मावर लिहिणारे इव्हान्स-प्रिचर्ड १९४४ मध्ये कॅथलिक झाले होते. अश्रद्ध अभ्यासकाला धर्म हा भ्रम वाटतो, म्हणून तो त्याचे निराकरण करणारा सिद्धान्त शोधतो. श्रद्धावंत मात्र लोक आपले सत्य कसे जगतात हे समजून घेऊ पाहतो, असे त्यांचे म्हणणे. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डला तौलनिक धर्मशास्त्र शिकले, शेवटपर्यंत ईश्वरनिष्ठ राहिले, आणि अस्पृश्यतेच्या उगमावर त्यांनी केलेले संशोधन त्या निष्ठेने मवाळ झाले नाही. आंबेडकरांची वाट याहून निराळी. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी धम्म हा मुळातच सामाजिक आहे, माणसामाणसांतल्या योग्य संबंधांसाठी आहे, असे मांडले. वसमत किंवा कळमनुरीच्या बौद्ध विद्यार्थ्याला डरखाईम वाचताना हादरा बसण्याचे कारण नाही. देवावाचून आणि समाजासाठी धर्म, ही कल्पना त्याच्या घरी आधीच पोचलेली असते. त्याचा प्रश्न उलटा असतो, की मग धर्म आणि नीती यांत फरक काय उरतो.

आपल्याच गावच्या देवस्थानावर किंवा यात्रेवर प्रकल्प लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आतल्या-बाहेरच्या या वादाचा व्यावहारिक अर्थ लागतो. यात्रा समितीत कोणत्या आडनावांची माणसे आहेत, मानाची पालखी कोणत्या घराची, बायकांना गाभाऱ्यात कधी जाता येते, तांड्यावरचे लोक कुठे थांबतात, हे त्याला बाहेरच्या संशोधकापेक्षा लवकर कळते, आणि विचारायला जडही जाते. उत्तरे देणारे त्याचे काका-मामाच असतात.

शिक्षण वाढले की श्रद्धा आटते, या अपेक्षेचा निकाल मात्र बऱ्यापैकी लागला आहे. धर्मनिरपेक्षीकरणाचा सिद्धान्त पाठ्यपुस्तकांत अजून एका प्रकरणाची जागा घेतो. त्याचे एक प्रमुख पुरस्कर्ते बर्गरच होते, आणि १९९९ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात त्यांनी आपले भाकीत चुकल्याचे मान्य केले. पश्चिम युरोप आणि उच्चशिक्षितांचा एक छोटा थर सोडला तर जग पूर्वीइतकेच धार्मिक आहे, असा त्यांचा नवा निष्कर्ष होता. महाशिवरात्रीला औंढ्यात लागणारी रांग पाहिलेल्याला त्यात नवल वाटणार नाही. मात्र पदवीने काहीच बदलत नाही, असेही त्यातून निघत नाही. श्रद्धा कायम राहून तिचा आशय बदलू शकतो: देव तसाच, पण जात त्याने नेमून दिली ही समजूत गळून गेलेली. असा बदल जनगणनेच्या धर्माच्या रकान्यात दिसत नाही, कारण तिथे फक्त धर्माचे नाव नोंदले जाते.