आश्रित आणि बांडगूळ

गुवाहाटीच्या सरकारी वसाहतीत आमच्या दाराशी एक जुना आंबा आहे. त्याच्या बुंध्यावर आम्ही तीन ऑर्किडे बांधली, तेव्हा देशाहून आलेले आमचे मामा म्हणाले, "अरे, चांगल्या झाडावर ही बांडगुळे कशाला चढवतोस?" मामा शेतकरी, त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, झाडाविषयी कळकळ होती. म्हणूनच त्या शब्दाने आम्हांस विचारात पाडले. दुसऱ्याच्या आधाराने जगणारा प्रत्येक जण बांडगूळच म्हणावयाचा काय?

वनस्पतिशास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. बांडगूळ आपली मुळे झाडाच्या आत शिरवून त्याचा रस ओढते. ऑर्किडाची मुळे सालीला केवळ धरून असतात. त्यांच्यावर मृत पेशींचे पांढरे, स्पंजासारखे वेष्टन असते; ते पावसाचे पाणी झटकन शोषून घेते. अन्न पाने स्वतः तयार करतात. अमेरिका खंडातील टिलँडसिया तर पानांवरील बारीक खवल्यांनीच पाणी पितात. मूळ बहुधा धरण्यापुरतेच. म्हणून या झाडांना माती लागत नाही. आंब्याफणसाची खरखरीत साल, सुती दोरी, सकाळचे कोवळे ऊन आणि खेळती हवा एवढे पुरे. साल सोडणारा पेरू मात्र उपयोगाचा नाही. नव्या मुळांनी साल धरली की दोरी काढून घ्यावी.

तथापि ऑर्किड सर्वस्वी स्वावलंबी आहे, असेही म्हणता येत नाही. त्याच्या धुळीसारख्या बीजात अन्नाचा साठा नसतो. रानात विशिष्ट बुरशीने पोसल्यावाचून ते रुजत नाही. नोएल बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाला १८९९ साली हे उमगले. म्हणजे पुढे स्वतःचे अन्न स्वतः करणाराही बालपणी ऋणकोच असतो. तेव्हा आधार घेतला की नाही, हा प्रश्नच गौण ठरतो. आपण घेतल्याने देणाऱ्याचे काही उणे होते काय, हे पाहावयाचे. परप्रांतात बदलीवर आलेल्या आम्हां मंडळींनी ही कसोटी स्वतःलाही लावून पाहावी.

ऑर्किड या कसोटीस उतरते. आम्ही उतरतो काय? आमच्या तिघांपैकी एक 'कपौ' आहे. एप्रिलात बिहूच्या सुमारास आसामी मुली त्याचा तुरा खोप्यात माळतात. आपल्याकडे तीच सीतेची वेणी. ते आम्ही बाजारातून आणले. घरी येऊन पाहतो तो मुळांना एका अनोळखी झाडाच्या सालीचा वीतभर तुकडा चिकटलेला! कुणीतरी ते रानातून ओरबाडून आणले होते, आणि ते आमच्यासारख्या गिऱ्हाइकासाठीच. आमच्या आंब्याचे ऑर्किडाने काही नेले नाही. रानाचे मात्र आम्ही नेले. मामांचा शब्द खरा होता, फक्त लागू पडत होता आम्हांला.

"पण आम्ही ते जगविले ना?" असे मन म्हणते. या समर्थनात एक खोट आहे. नंतर केलेल्या जतनाने आधीचे हिरावणे योग्य ठरत असते, तर प्रत्येक चोरीला प्रेमळ चोर शोधला की पुरे झाले असते. गरजेची सबबही आता उरलेली नाही. लुईस नडसन यांनी १९२२ साली साखर घातलेल्या माध्यमावर, बुरशीवाचून, ऑर्किडाचे बी रुजवून दाखविले. तेव्हापासून रोपवाटिकेत ही रोपे वाढविता येतात. त्यांना वेळ लागतो, किंमतही पडते. पण रान उघडे पडत नाही.

ते कपौ परत कोठे न्यावे, हे आम्हांस ठाऊक नाही. ज्या झाडाची ती साल, ते झाड आम्ही पाहिलेले नाही. म्हणून ते आंब्यावरच आहे. सालीचा तो तुकडा आता नव्या मुळांनी झाकून गेला आहे. आम्ही तो काढला नाही. यंदा शेजारची मुलगी खोप्यासाठी तुरा मागावयास आली, तेव्हा "आमचे फूल" हे शब्द ओठांवर येऊन थांबले. तुरा तिला दिला. आणि पुढच्या वेळी विक्रेत्याला भाव विचारण्यापूर्वी रोप कोठून आणले हे विचारावयाचे, एवढे मनाशी ठरविले.